एजेंनी न खाल्लेला नान

सायराकुल एजे नारीन शहरातल्या आमच्या शाळेत एकोणतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतात आणि प्रयोगशाळा सांभाळतात. एजे म्हणजे थोरली बहीण; मोठ्या बाईला आम्ही तसंच म्हणतो. मी तिथंच साहित्य शिकवते. वयात तीस वर्षांचं अंतर. तरी मैत्री आहे.

धूर ओढून घेणारं कपाट आमच्याकडे नाही. म्हणून बाहेर उणे वीस असलं तरी एजे खिडकी उघडतात. मुलं कुडकुडत त्यांना ‘खिडकी एजे’ म्हणतात. काचेची नळी मोडायची ती जुन्या नमद्याच्या, जाड लोकरी कापडाच्या, तुकड्यात धरून. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आणि आत काही खायचं नाही. मुख्याध्यापकांनीसुद्धा. "साहेब, सफरचंद बाहेर," एवढंच त्या म्हणतात.

त्यांच्या मुलीचं, नुर्झातचं, लग्न ठरत आलं होतं. मुलाची आई तोतुया, जरा तिखट बाई. मार्चमधल्या एका दुपारी ती होकार घेऊन आली. घरी नाही, थेट शाळेत. आमच्याकडे होकार नानासोबतच येतो. समोर मोडलेला नान चाखला नाही, तर नातं नको असाच अर्थ.

आठवीचा तास नुकताच संपला होता. मुलांनी शिशाच्या क्षाराचा प्रयोग केला होता. टेबल पुसायचं राहिलं होतं. एजे मोजे घालून परीक्षानळ्या धूत होत्या, मी दारात. तोतुयानं नानाभोवतीचं फडकं सोडलं आणि नान टेबलावर ठेवला. पालथा ठेवायचा नसतो, म्हणून नीट सुलटा. मग तुकडा मोडला.

"घ्या विहीणबाई, चाखा."

"थांबा! तुम्हीही खाऊ नका." एजेंनी तिच्या हातातून तुकडा काढून घेतला.

"माझा नान नको?"

"टेबलावर शिसं आहे. नानाला लागलं."

"मला तर काही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणूनच म्हणते."

"मुलगी द्यायची नसेल तर सरळ सांगा ना. शिशाला कशाला मध्ये घालता?"

ती तरातरा निघून गेली.

जमिनीवर पडलेला नानही आम्ही उचलून कपाळाला लावतो. एजेंनी तोतुयाचा नान शिशाच्या कचऱ्याच्या बरणीत घातला, झाकण घट्ट केलं.

"एजे, नुर्झातचं काय आता?"

"तू हात नाही ना लावलास त्याला?"

मग त्यांनी मोजे काढले, हात धुतले, कोट खुंटीला अडकवला. शिक्षकांच्या खोलीतून पाण्याची किटली, साबण, टॉवेल उचलला आणि त्या फाटकाकडे धावल्या. मी मागोमाग. तोतुया अजून फाटकातच होती.

"विहीणबाई, हात पुढे करा."

पाहुण्याच्या हातावर पाणी ओतायला कुणी उभं राहिलं, की हात आपोआप पुढे होतात. तोतुयाचेही झाले.

"माझी थोरली नात तुमच्याच वर्गात आहे," साबण चोळत ती म्हणाली. "तिच्याही हातातलं असंच हिसकावता?"

"तिला आधी ओरडते. मग हिसकावते."

तोतुयानं हात पुन्हा पाण्याखाली धरले. "म्हणजे सूनही अशीच खाष्ट मिळणार."

"माझ्यापेक्षा जास्त."

"बरंच आहे. आमच्या घरात असं कुणी तरी हवंच." तिनं हात पुसले, पिशवीच्या तळातून दुसरा नान काढला आणि मोडला. एजेंनी मोठा तुकडा घेतला. मलाही मिळाला. दोघी तिथंच, बर्फात उभ्यानं, लग्नाचा महिना ठरवू लागल्या.