मामाचे पाय आणि मामाचा श्वास

श्वासावर संशोधन करायचं म्हटलं की पहिली अडचण हीच, की नेहमीसारखा श्वास घ्या असं सांगितल्यावर कोणीही नेहमीसारखा श्वास घेत नाही. मी मुलुंडच्या एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडी करते. प्रयोगाला आलेल्या माणसाच्या तोंडावर आम्ही मास्क लावतो. मास्कला नळी, नळीला मशीन, मशीनला स्क्रीन. आमच्या भागातला माणूस मास्क चढल्याबरोबर ताठ बसतो, डोळे मिटतो आणि प्राणायाम सुरू करतो. एका आजोबांनी श्वास इतका वेळ रोखला की मशीन बंद पडलं समजून मी वायर तपासायला टेबलाखाली शिरले. "झकास आलं ना?" त्यांनी नंतर विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचं सगळं रेकॉर्डिंग टाकून द्यावं लागलं.

माझा प्रश्न साधा होता. जिना चढायला लागलं की पहिल्या पायरीलाच श्वास वाढतो. रक्तात तोवर काहीही बदललेलं नसतं. मग श्वासाला ही खबर कोण देतं? एक शक्यता अशी की मेंदू पायांना हुकूम सोडतो तेव्हाच श्वासाच्या केंद्रालाही कळवून टाकतो. दुसरी अशी की स्नायू काम सुरू केल्यावर खालून वर कळवतात. धडधाकट माणसात दोन्ही एकदमच होतं, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही. म्हणून आमच्याकडे एक थरथरणारी पाटी होती. दिसायला मोठ्या वजनकाट्यासारखी. तिच्यावर पाय ठेवले की मांड्या आणि पोटऱ्या मेंदूने न सांगता आपोआप आवळल्या जातात.

"तरी शंका राहतेच," माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या. "पाटी हलली की माणूस तोल सावरतो. म्हणजे मेंदू आलाच मध्ये. ज्याच्या पायांचा मेंदूशी संबंधच उरला नाही असा कोणी मिळाला तर बघ."

असा माणूस माझ्या घरातच होता. माझा मामा.

मामा कांजूरमार्गला राहतो. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत तो खरेदी खात्यात होता. बरीच वर्षं झाली, बाइक घसरली आणि पाठीच्या मणक्याला मार बसला. तेव्हापासून कमरेखाली काही हलत नाही आणि काही कळतही नाही. कमरेच्या वर सगळं जागच्या जागी आहे, आवाजासकट. व्हीलचेअरवर बसून तो सोसायटी चालवतो.

मामी शाळेत शिक्षिका होती. हॉस्पिटलात कोणीतरी तिला सांगितलं होतं की पाय हलले नाहीत तरी मनातून हलवायचा प्रयत्न सोडायचा नाही. मामीने ते गृहपाठासारखं घेतलं. रोज सकाळी मामा डोळे मिटून पडायचा आणि मामी त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची.

"केलास?"

"केला."

"मला काही दिसलं नाही."

"मला पण नाही."

"तू मनापासून करतच नाहीस."

हे संभाषण मी कॉलेजात शिकत होते तेव्हापासून ऐकत आले होते.

मामाला विचारण्याआधी कॉलेजच्या समितीची परवानगी लागली. मग मॅडमनी मला खोलीबाहेर काढून सगळा प्रयोग त्याला स्वतः समजावला, कारण समोर भाची असली की मामाला नाही म्हणणं जमत नाही. पाय वर्षानुवर्षं वापरात नसले की हाडं ठिसूळ होतात, म्हणून डॉक्टरांनी त्याची हाडं तपासली. कॉलेजला रॅम्प आहे. रॅम्प संपला की एक पायरी आहे. ती कोणी आणि का बांधली हे कोणालाच माहीत नाही. वॉचमन आणि मी मामाला खुर्चीसकट उचललं. मामी मागून "सांभाळून रे" म्हणत आली.

पहिल्या भागात मामाचे पाय पाटीवर ठेवून पट्ट्याने बांधले. पाय हलताना त्याला दिसायला नकोत म्हणून मध्ये चादर टांगली, आणि पाटीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून कानाला हेडफोन लावले. मामाने क्रिकेटची कॉमेंट्री मागितली. आम्ही लावली. विकेट पडली आणि स्क्रीनवरची श्वासाची रेषा उसळली. मग आम्ही नुसता पंख्याचा आवाज लावला.

पाटी सुरू झाली. मामाच्या मांड्या आवळल्या, पाय ताठ व्हायला लागले. मामी चादरीच्या अलीकडे, माझ्या शेजारी उभी होती. मी तिला आधीच सांगितलं होतं की हे मशीनमुळे होतं, ह्यात मामाचा काही संबंध नाही. तरी तिने तोंडावर हात धरला आणि तो तसाच ठेवला. चादरीच्या पलीकडे मामा भिंतीवरची पाल बघत होता. स्क्रीनवरची रेषा होती तिथेच राहिली. आम्ही पाटी बंद केली, त्याचा मास्क काढला.

"काय गो, सुरू कधी करणार?" मामा म्हणाला.

"झालं पण."

"वाट लागली मग. मला तर काहीच कळलं नाही."

दुसऱ्या भागात पाटी बंदच ठेवायची होती. मी टेबलावर टकटक केली की मामाने दोन्ही पाय सरळ करायचा प्रयत्न करायचा, एवढंच. हात सैल, दात आवळायचे नाहीत. ह्या वेळी श्वासाचं काय होईल असं आम्हाला वाटतंय ते त्याला सांगितलं नव्हतं आणि स्क्रीन त्याच्याकडे पाठ करून ठेवली होती. मॅडम त्याच्या हातांवर आणि जबड्यावर नजर ठेवून बसल्या.

मी टकटक केली. पाय हलले नाहीत. रेषा वर चढली.

थांबा म्हटल्यावर ती खाली आली. पुन्हा टकटक केली, पुन्हा वर. मामी सवयीप्रमाणे अंगठ्याकडे बघत होती.

"मामी, तिकडे नको," मी हळू आवाजात म्हटलं. "इकडे बघ."

"काय वर जातंय?"

"मामाचा श्वास. तो पाय हलवायचा प्रयत्न करतोय."

मामी बघत राहिली. अजून एक टकटक झाली.

"म्हणजे खरंच करतोय."

"खरंच करतोय."

ती जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्या बिल्डिंगची भिंत आहे.

मास्क काढल्यावर मामाने विचारलं, "हलले का?"

मॅडम म्हणाल्या, "पहिल्या वेळी हलले, पण तुम्हाला कळलं नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही हलवले, पण त्यांना कळलं नाही."

"आणि एवढं समजायला तुम्ही एवढी मोठी मशीन घेतली," मामा म्हणाला.

मी मामीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. ह्याचा अर्थ मामा चालेल असा नाही. हुकूम निघतो, श्वासाच्या केंद्राला कळतं, मणक्यापुढे जात नाही. शिवाय एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.

"चालण्याचं मला माहीत आहे गं," मामी म्हणाली. "पण मी इतकी वर्षं त्याला खोटारडा म्हणत आले."

घरी गेल्यावर तिने मामाला "चुकलं माझं" म्हटलं. तिच्या तोंडून हे वाक्य आमच्यापैकी कोणी आधी ऐकलं नव्हतं. मामा "जाऊ दे" म्हणाला, अगदी मोठ्या मनाने. दुसऱ्या दिवसापासून मामीने अंगठ्याकडे बघणं सोडलं आणि सकाळी फिरायला जायला लागली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मामी भाजी आणायला खाली निघाली होती. मामाने दार लागल्याचा आवाज ऐकला आणि मला जवळ बोलावलं.

"मी करत नव्हतो," तो म्हणाला.

"काय?"

"सकाळचा प्रयत्न. सुरुवातीला काही वर्षं केला. मग डोळे मिटून सोसायटीच्या टाकीचा विचार करत पडायचो. गळती कुठून आहे वगैरे."

मामीचं निरीक्षण अचूक होतं, हे मला कुठेच लिहिता येणार नव्हतं.

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी केला. एवढी माणसं, एवढी तयारी. म्हटलं, करून बघू. आणि काय झालं माहिती आहे? दम लागला. बस पकडायला धावल्यावर लागतो ना, तसा थोडासा. पायाचं काही वाटत नाही गो. पण दम लागला. इतक्या वर्षांत मला कधी पायांमुळे दम लागला नव्हता."

मी त्याला म्हटलं, मामा, ह्याने पाय सुधारणार नाहीत.

"तू आणि तुझी मामी, दोघी सारख्याच," तो म्हणाला. "मी चालायचं कधी म्हटलं? आणि हिला सांगू नकोस. हिने माफी मागितलीय, ती परत घेईल."

मी सांगितलं नाही. आमचा पेपर जर्नलकडून परत आला आहे. आणखी माणसांवर करून पाहा असं त्यांनी कळवलंय, आणि ते बरोबरच आहे. घाटकोपरचे एक गृहस्थ तयार झालेत. रॅम्पपुढची पायरी अजून तशीच आहे.

परवा मी सकाळीच कांजूरला गेले होते. मामी फिरायला गेली होती. मामा पलंगावर डोळे मिटून पडला होता, हात सैल, दात मोकळे. अंगावरची चादर छातीपाशी भरभर वरखाली होत होती. मी दारातच थांबले. थोड्या वेळाने लिफ्ट बंद असल्यामुळे जिना चढून मामी आली, धापा टाकत. तिने चप्पल काढली, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "झोपू दे त्याला. चहा टाकते."

"जागा आहे मी," मामा म्हणाला. "साखर जास्त घाल."