दोन मिनिटांची म्हैस

आमचे बाबा गावाहून दिल्लीला आले ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, दोन महिन्यांकरता. त्या फेब्रुवारीत त्यांना चौदा महिने पुरे झाले. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. मग नातीची परीक्षा आली. मग मी म्हणालो, आत्ता तिकडे ऊन फार, पावसाळ्यात बघू. पावसाळ्यात म्हणालो, आता दिवाळी करूनच जा. दिवाळीनंतर दिल्लीची हवा अशी काही बिघडली की दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागल्या, आणि त्या आडोशाला मी आणखी तीन महिने काढले.

बाबा आठवड्यातून एकदा विचारायचे, "तिकिटाचं काय झालं?"

मी म्हणायचो, "वेटिंग आहे, बाबा."

वेटिंग वगैरे काही नव्हतं. मी बघतच नव्हतो. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. मला नाही म्हणायचे अधिकार नाहीत आणि हो म्हणायचेही नाहीत, पण थांबवून ठेवायचे अमर्याद आहेत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ही एकच कला मी कमावली, आणि ती घरीही आणली.

खरं कारण सांगायचं तर भीती. ऑपरेशनच्या आदल्या वर्षी बाबा गावी न्हाणीत घसरून पडले. पडले सकाळी, आणि शेजारची बाई ताक द्यायला आली तेव्हा दुपार झाली होती. मधला सगळा वेळ ते ओल्या फरशीवर. फोनवर मला म्हणाले, "काही नाही रे, जरासा घसरलो." तो 'जरासा' माझ्या डोक्यातून गेला नाही.

बाबा तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे, होते. रिटायर होऊन अठरा वर्षं झाली तरी गावातली माणसं डॉक्टरकडे जाण्याआधी गुरं घेऊन त्यांच्या ओट्यावर येतात. आमच्या आर. के. पुरमच्या तिसऱ्या मजल्यावर कोण येणार? एक लंगडं कबूतर यायचं. बाबा काचेतून त्याच्याकडे बघत म्हणायचे, "डाव्या पायाले दोरा गुंडाळला हाये त्याच्या. खिडकी उघड, काढतो." आणि आमच्यापैकी कोणीतरी ओरडायचं, "खिडकी नको, आजचा एक्यूआय बघा!"

तर बाबांना दिल्लीत रमवायचं म्हणून मी एक योजना काढली. ऑफिसातला गाझियाबादचा एक सहकारी म्हणाला, "सर, हमारे उधर इतवार को भैंसों की पैंठ लगती है. पिताजी को ले जाओ, खुश हो जाएँगे." पैंठ म्हणजे आठवडी बाजार. मला कल्पना एकदम पसंत पडली. बाबांनी शे-दोनशे म्हशी बघाव्यात, मन भरावं, आणि तिकिटाचा प्रश्न निदान उन्हाळ्यापर्यंत विचारू नये.

रविवारी सकाळी गाडीनं निघालो. बायकोनं पोळ्या, बटाट्याची भाजी, ठेचा आणि सॅनिटायझरच्या दोन बाटल्या घेतल्या. मुलगी चौदा वर्षांची, दिल्लीतच वाढलेली; ती मागे आजोबांशेजारी बसली. यमुनेचा पूल ओलांडेपर्यंत बाबांचं बोट तीनदा काचेच्या बटणावर गेलं. टक. काही होईना.

"बिघडलं का हे?"

"लॉक केलंय, बाबा. बाहेरची हवा बेकार आहे."

"अच्छा," बाबा म्हणाले. हा शब्द ते दिल्लीत शिकले, आणि बोलणं संपवायला वापरतात.

गाझियाबाद मागे टाकून हायवे सोडला, मग ऊस, मग वीटभट्ट्या, आणि मग एकदम एका मोठ्या मैदानावर काळंच काळं. म्हशी, रेडकं, ट्रक, ट्रॅक्टर, चहाच्या टपऱ्या आणि खाटांवर बसून हुक्का ओढणारी माणसं. गाडी पुरती थांबलीही नव्हती. बाबा उतरले. चौदा महिने ज्यांना आम्ही जिन्यावरून कोपराला धरून उतरवत होतो ते बाबा शेणातून असे चालत गेले की त्यांच्यामागे नातीला पळावं लागलं.

"बाबा, हात लावू नका कुठल्या जनावराला!" मी ओरडलो.

"मंग काय नमस्कार करू?" ते न वळताच म्हणाले.

बायको एका टपरीपाशी खाटेच्या कडेवर बसली, पाय वर घेऊन. मी गाडी लॉक केली, दोनदा तपासली आणि बाबांच्या मागे निघालो. वीस पावलंही गेलो नसेन, तोच एका माणसानं मला अडवलं. पांढरा कुर्ता, खांद्यावर गमछा, चेहऱ्यावर घाई.

"भाई साहब, जरा पकड़ियो. दो मिनट में आया."

आणि माझ्या हातात दोर आला. दोराच्या दुसऱ्या टोकाला म्हैस होती.

तुम्ही असता तर काय केलं असतं मला माहीत नाही. मी "जी, बिल्कुल" म्हणालो. कोणी कागद पुढे केला की सही करायची आणि वस्तू पुढे केली की ताब्यात घ्यायची, हे सरकारी नोकराच्या हातालाच ठाऊक असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. दोर निसटू नये म्हणून मी तो मुठीभोवती दोन वेढे गुंडाळला आणि म्हशीच्या शेजारी सावधान उभा राहिलो.

दहा मिनिटं गेली. म्हशीनं माझ्या शर्टाची बाही चाटून बघितली, तिला ती आवडली नाही. वीस मिनिटं गेली. मग गिऱ्हाईकं यायला लागली.

"कै ब्यांत की है?" म्हणजे हिची किती वेतं झाली.

"मेरी नहीं है," मी म्हणालो.

"अच्छा जी. दूध कितना देवे है?"

"भाई साहब, मेरी नहीं है. मुझे कुछ नहीं पता."

त्या माणसानं आपल्या जोडीदाराकडे बघून डोळा मिचकावला. "देख, बेचने की जल्दी ना है इसे. माल बढ़िया होगा." दोघांनी म्हशीचे दात बघितले, कास बघितली, शिंगांवरची वलयं मोजली, मग मला नखशिखांत बघितलं. मी जितकं 'मेरी नहीं है' म्हणत गेलो तितकी म्हशीची पत वाढत गेली. अर्ध्या तासानं माझ्याभोवती आठ-दहा माणसांचं कडं तयार झालं. मंत्रालयात माझं म्हणणं इतक्या लक्षपूर्वक कोणीही कधी ऐकलेलं नाही.

बायको कड्यातून वाट काढत आली. "अहो, हे काय? कुणाची ही?"

"एक जण येतोय. दोन मिनिटांत."

"केव्हापासून?"

"झाला असेल पाऊण तास."

"मग बांधा ना कुठंतरी आणि चला!"

"कुठं बांधू? सगळे खुंटे भरलेत."

"मग सोडून द्या."

"अगं, दुसऱ्याची वस्तू आहे. पळाली तर? ट्रकखाली गेली तर? कोण जबाबदार?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आहेत, त्यामुळे त्या बघण्यात काय होतं ते इथं लिहीत नाही. ती डबा आणायला गेली. मी एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं पोळीभाजी खाल्ली. सॅनिटायझर तिनं लावून दिलं. ठेच्याचा वास म्हशीला लागला, तिनं मान झटकली, वेढे आवळले आणि माझी बोटं जांभळी पडली.

आणि तेव्हाच कड्याच्या फटीतून मला बाबा दिसले.

लांब, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. बाह्या वर केलेल्या, धोतराचा काचा मारलेला. ते एका म्हशीच्या मागच्या पायापाशी उकिडवे बसले होते, तिचा खूर मांडीवर घेऊन. बाजूला माणसं वाकून बघत होती. माझ्या मुलीच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती आजोबा सांगतील तसं पाणी ओतत होती.

शहात्तर वर्षांचा माणूस, महिन्यापूर्वीपर्यंत ज्याला बाथरूममध्ये आतून कडी लावू देत नव्हतो, तो म्हशीच्या मागच्या पायाखाली! एक लाथ पुरे.

"बाबा! उठा तिथून! बाबा!"

ऐकू जाणं शक्यच नव्हतं. धावावं म्हटलं तर हातात दुसऱ्याची म्हैस. मी ओढली, ती जागची हलेना. ती हलली तेव्हा उलट्या दिशेला. मी मुलीला फोन लावला. ती फोन कानाला लावून तिकडून माझ्याकडे बघायला लागली.

"आजोबांना उठव! लाथ मारेल ती!"

"पप्पा, चिल. आजोबा म्हणतात ती मारणार नाही. खुरात खिळा होता, निघाला. यू शुड सी धिस, पप्पा, सगळे त्यांना डॉक्टरसाब म्हणतायत."

"त्यांना हाताला धरून उठव. गुडघे..."

"उठले ते."

उठले खरे. मी बघत होतो. एक हात गुडघ्यावर, एक म्हशीच्या पाठीवर, आणि उभे. कोणी कोपराला धरलं नव्हतं. उभं राहून त्यांनी म्हशीला एक चापट दिली, कुणीतरी पुढे केलेला चहा घेतला आणि हसले. मला आठवेना, आमच्या घरात ते शेवटचे असे केव्हा हसले होते.

मी तिथंच उभा होतो, दुसरं काय करणार? दोर होता हातात.

थोड्या वेळानं बाबा आले. कडं त्यांच्यासाठी आपोआप बाजूला झालं. त्यांनी म्हैस बघितली, दोर बघितला, मग माझा हात.

"कोनं देली?"

"एक माणूस होता. दोन मिनिटांत येतो म्हणाला."

"किती टाइम झाला?"

"दीड तास."

"मंग सोडली काहून नाही?"

"पडली, पळाली, काही झालं तर, बाबा?"

"पडते कायले? चार पाय हायेत तिले." ते माझ्या मुठीवरचे वेढे सोडवायला लागले. "मले दोनच हायेत, पन तेबी चालतात."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांनी दोर हातभर सैल करून माझ्या तळव्यावर परत ठेवला. म्हैस लगेच खाली बसली आणि रवंथ करू लागली. दीड तास ती बसायचीच वाट बघत होती बिचारी, मी बसू देत नव्हतो.

मालक आला तेव्हा त्याची दाढी झालेली होती, जेवण झालेलं होतं आणि अंगाला हुक्क्याचा वास होता. मला बघून तो थबकला.

"अरे! आप अभी तक यहीं खड़े हो?"

"आपने कहा था दो मिनट..."

"वो तो कहने की बात होवे है, भाई साहब. किसी और को पकड़ा देते!"

हा पर्याय मला सुचलाच नव्हता. त्यानं दोर घेतला, माझी पाठ थोपटली आणि मी तयार करून दिलेल्या आठ-दहा गिऱ्हाइकांकडे आनंदानं वळला. माझ्या तळहातावर दोराचे पीळ जसेच्या तसे उमटले होते.

परतताना गाझियाबादच्या आधीच जाम लागला. पुढे ट्रक, मागे ट्रक, डावीकडे बस. काचा बंद, एसी चालू, आणि आत चौघांच्या चपलांना लागलेल्या शेणाचा वास. वीस मिनिटांत गाडी एका गाडीएवढीच पुढे सरकली. मागून आवाज आला. टक. पुन्हा, टक. सवयीनं बोट जात असावं.

मी आरशात न बघता म्हणालो, "बाबा, वेटिंग नव्हतं."

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि मग समोरच्या ट्रकची नंबर प्लेट वाचायला लागली.

"म्हणजे रेल्वेत जागा होती. मी तिकीट काढलंच नाही. खोटं सांगत होतो."

"पप्पा," मुलगी मागून म्हणाली, "आजोबांना माहितीये. दिवाळीच्या आधी मीच दाखवलं होतं त्यांना मोबाइलवर. सीट्स अव्हेलेबल होत्या."

आता मी आरशात बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? दर आठवड्याला विचारत तर होतात."

"विचारत होतो नं," बाबा म्हणाले. "तुह्या मनाची तयारी झाली का म्हनून विचारत होतो. भेला होता तू. भेलेल्या जनावराले ओढू नाही."

मग मी अटी घालायला सुरुवात केली. ते मला जमतं. न्हाणीत भिंतीला दांडा बसवायचा. मोबाइल गळ्यात. ताकवाल्या बाईनं सकाळ-संध्याकाळ डोकवायचं. आतून कडी नाही. बाबा प्रत्येक अटीला "बिल्कुल" म्हणत होते, आणि त्यातल्या निम्म्या ते पाळणार नाहीत हे मला तेव्हाच दिसत होतं. मुलीनं फोन काढला.

"पप्पा, पुढच्या शुक्रवारी आहे. सेकंड एसी, लोअर बर्थ. करू बुक?"

"कर," मी म्हणालो. एक शब्द. फाइल कुठंही न पाठवता.

"एसीचं नको," बाबा म्हणाले. "स्लीपरचं काढ. त्या डब्याची खिडकी उघडते."

मी दारावरच्या बटणांकडे बघितलं. मागच्या काचांचं लॉक मीच घातलं होतं, चौदा महिन्यांपूर्वी, स्टेशनवरून बाबांना घरी आणताना. ते नेमकं कोणतं, ते आता मला शोधावं लागलं. दोन चुकीची दाबली, आरसे हलले. मग तिसरं सापडलं.

टक. मागची काच खाली गेली. हॉर्न आत आले, डिझेलचा धूर आला, शेजारच्या ट्रकमधल्या एका रेडकाचं ओरडणं आलं. बाबांनी कोपर बाहेर काढून खिडकीवर टेकलं. बायकोनं पर्समधून मास्क काढून लावला, एक माझ्याकडे दिला. काच वर करा असं मात्र ती म्हणाली नाही.