तेरा इंची चाकं

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. चार वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला, सकाळी अकरा वाजता, सांगलीतल्या एका टायरच्या दुकानात. आज गाड्या पूजताना नव्या रबराचा आणि झेंडूचा वास एकत्र आला आणि सगळं आठवलं. साताऱ्याजवळच्या घाटातल्या शर्यतीसाठी तिनं जुनी छोटी गाडी घेतली होती आणि मागच्या सीटा काढून ती हलकी केली होती. तासगावच्या आमच्या बेदाण्याच्या शेडमधल्या काट्यावर तिनं चाकांचीही वजनं केली. पंधरा इंची चाक तेरा इंचीपेक्षा चार किलोनं जड भरलं. "चिखलानं भरलेले बूट घालून कोण पळतं का?" ती म्हणायची. तेरा इंचीच चाकं हवीत, हे ओळखीच्या दुकानदारानं तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं, पण ती हार आणायला गेल्यावर "घरच्या माणसाला इचारतो" म्हणून फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "पंधराचीच टाका, गाडी कशी भरल्यावानी दिसंल!" ती परतली तेव्हा पंधराची बसवून झाली होती आणि बदलायला वेळ नव्हता. शर्यतीआधीच्या तपासणीत चाक वळवताच टायर पत्र्याला घासला आणि तिला शर्यतीत उतरूच दिलं नाही. फोनवरचा तो घरचा माणूस मीच होतो, आणि त्या वेळी माझ्या पिशवीत मुलींच्या हक्कांची पत्रकं होती. ती एवढंच म्हणाली, "पत्रकं लय वाटलीस रं दादा. मला एकदा इचारायचंस तरी." असा फोन तुम्हालाही येईल. तेव्हा आपलं मत गिळा, आणि गाडी जिची आहे तिलाच विचारायला सांगा.