वेदिकाची दाढ

सविता रागीट आहे असं पिंपळगावात सगळे म्हणतात. पॅकहाउसमध्ये मी तिच्याच टेबलावर द्राक्षाच्या घडांतले खराब मणी कापते. मी म्हणते, बाईचा राग कमीच पडला.

तिची मुलगी वेदिका आठ वर्षांची. तिला एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. लक्ष एका जागी टिकत नाही आणि अंग तर त्याहून नाही. दोन दात घासून झाले की पोरगी ब्रश तोंडात धरून अंगणात पळते. तिला गप्प बसवायला सगळ्यांकडे एकच औषध, मूठभर बेदाणे. शाळेतल्या बाई द्यायच्या, आजी कुसाबाई द्यायच्या. घरचा मेवा, त्यानं काय होतंय? चिकट बेदाणा दाढेत अडकून राहायचा आणि पोरगी होती तशीच पळायची.

गेल्या साली दाढेवर काळा ठिपका दिसला. सविता मजुरी बुडवून तिला नाशिकला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. वेदिका खुर्चीतून सारखी उठायला लागली, तशी डॉक्टरांनी हातमोजे काढले. दाढ धड बघितलीसुद्धा नाही.

"आधी मुलीला वळण लावा. दुधाचीच असेल, पडेल."

"कीड दाढंला लागलीय साहेब, वळणाला नाय," सविता म्हणाली.

त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. असल्या माणसाला डॉक्टर म्हणायची मला लाज वाटते. घरी कुसाबाईंनीही तीच री ओढली, दुधाचा दात, पडायचाच. एकट्या सविताचं कोण ऐकतो?

यंदा ऐन हंगामात वेदिकाचा गाल टम्म सुजला. सविताने दुसरी डॉक्टर शोधली, मी सोबत गेले. त्या बाईंनी वेदिकाला आरसा हातात दिला, खुर्ची वरखाली करू दिली. "उठावंसं वाटलं तर हात वर कर, फिरून ये," म्हणाल्या. पोरगी उठली, फिरली आणि दर वेळी आपणहून परत येऊन बसली. एवढंच तर करायचं होतं.

"ही कायमची दाढ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सहाव्या वर्षी मागे येते. तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, काही पडत नाही, म्हणून लोकांना हीच दुधाची वाटते. आता काढावीच लागेल. वर्षभर आधी आणली असती तर वाचली असती."

"आणली होती," सविता म्हणाली.

सूज उतरल्यावर दाढ काढली. वेदिका रडली, पण उठली नाही. घरी कुसाबाईंनी दाढ तिच्या हातावर ठेवली.

"टाक पत्र्यावर. नवी येईल."

तिने टाकली आणि वर बघत उभी राहिली.

"मम्मी, कधी येईल?"

सासूवर ओरडायला उघडलेलं तोंड सविताने मिटलं. पोरीजवळ बसली. "नाय येणार, बाळा."

वेदिकाने पुन्हा पत्र्याकडे बघितलं.

"पण मी तर नीट बसले व्हते ना."