रंगपंचमीची तारीख

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. त्या दिवशी ऑफिसच्या तळघरातले पंखे स्क्रीनवर लक्ष ठेवायला ड्यूटीवर बसणाऱ्या काकांनी बंद ठेवले नव्हते. ते मी बंद केले होते, वर्षभर आधी, एसीत खुर्चीवर बसून.

माझं काम इमारतींची वेळापत्रकं लावण्याचं. कुठला दिवा कधी लागेल, सुट्टीला काय बंद राहील, हे कॉम्प्युटरवर भरून दिलं की इमारत आपली आपण चालते. इंदूरच्या त्या ऑफिसात खाली पार्किंग होतं. गाड्यांचा धूर बाहेर ओढणारे पंखे सकाळी आठला सुरू, रात्री आठला बंद. रंगपंचमीला अख्खं शहर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला रस्त्यावर, ऑफिसला कुलूप. म्हणून मी त्या तारखेला सुट्टी टाकली आणि शेजारच्या 'दरवर्षी' या चौकटीत टिक केलं, पंधरा ऑगस्टला करतात तसं. रंगपंचमी तिथीने येते, तारखेने नाही. माझ्या स्वयंपाकघरात पंचांगाचं कॅलेंडर टांगलेलं आहे हो. ते काय शोभेला?

पुढच्या वर्षी रंगपंचमी आधीच होऊन गेली. मग ती जुनी तारीख आली. साधा कामाचा दिवस, खाली गाड्या भरलेल्या, आणि पंखे फिरलेच नाहीत. तळघरात फरशी पुसणारी ताई दुपारी चक्कर येऊन पडली. दवाखान्यात न्यावी लागली, वाचली.

मॅनेजर पुण्याहून आलेला, काकांच्या मुलाच्या वयाचा. त्याने सगळ्यांसमोर काकांना उभं केलं.

"मी हात नाही लावला, साहेब," काका म्हणाले. "पंखे आपोआप चालू होतात ना? मग आपोआप बंद पण राहिले असतील. स्क्रीनवर लाल काहीच नव्हतं."

"मशीनला झोप लागत नाही, काका. माणसाला लागते. आता घरी निवांत झोपा."

दोघंतिघं हसले. लाल दिसणार कसं? वेळापत्रकानेच बंद असलेल्या पंख्याला कॉम्प्युटर बिघाड मानत नाही. आणि स्क्रीनसमोरून उठायचं नाही, हा हुकूम काकांना याच मॅनेजरचा. खाली जाऊन बघणार कोण? ड्यूटीवर कोण होतं, एवढंच सगळे विचारत होते. वेळापत्रक कोणी लावलं, हे एकानेही विचारलं नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो.

काका गेल्यावर मी लॉगिन केलं. तारखेपुढे ती टिक तशीच होती, खाली माझंच नाव. मी ती काढून टाकली आणि मॅनेजरला म्हणालो, "सिस्टीम चेक केली, सगळं ओके आहे." तो म्हणाला, "थँक्स, सर." त्या 'सर'ची मला आजही चीड येते. त्याहून जास्त स्वतःची.

मागे सियागंजच्या बाजारात काका दिसले. हार्डवेअरच्या दुकानात स्टुलावर बसून नटबोल्ट वेगळे करत होते. मला बघून उठले, चहा सांगितला.

"काय भिया, पंखे चालतायत ना बरोबर?"

टोमणा नव्हता. खरंच काळजीने विचारलं. मी "हो" म्हणालो आणि चहा पिऊन निघालो.

काकांना शेजारी उभं करून, त्याच मॅनेजरसमोर, 'पंखे माझ्यामुळे बंद राहिले' हे वाक्य मला बोलायचं आहे. अजून बोललेलो नाही.