आबांचे अठ्ठेचाळीस साफे

१९५५ साली पोळा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी, जुन्या जालन्यातल्या आमच्या ओसरीवर, अठ्ठेचाळीस मातीच्या शिपायांचा सौदा ठरला. दर शिपायाला दोन आणे, म्हणजे एकूण सहा रुपये कलदार. हजर तिघे: साफेवाले आबा, मी आणि माझी बायको. बायकोचे माहेर नगरकडचे. दिवाळीत दारात किल्ला करायची तिकडची रीत तिने इकडे आणली होती. पैशांचा विषय आबांनी लगेच संपवला. "माती फुकट. दोन आणे बांधणीचे. अन् चुकलेल्या साफ्याचा पैसा मी घेत न्हाई."

आबा मूळचे धावड्याचे, धनगर. लहानपण मेंढरांमागे गेले आणि पुढे ते निजामाच्या घोडदळातल्या एका रिसाल्यात साफे बांधायला लागले. तीस वर्षे ते काम केले. लढाई पाहिली नाही, बंदूक हाती धरली नाही. परेडच्या दिवशी स्वार त्यांच्यापुढे रांगेने बसत आणि आबा एकामागून एक डोकी बांधत. एकदा एका स्वाराचा घोडा उधळला, स्वार खाली पडला, हात मोडला, पण साफा जागचा हलला नाही. ही हकिकत त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. हात मोडलेल्या स्वाराचे पुढे काय झाले, ते एकदाही सांगितले नाही.

माणसाच्या तोंडाकडे ते नंतर पाहत, आधी डोक्याकडे. मी काळी टोपी घालतो. तिच्याबद्दल ते म्हणाले होते, "खुंटीवरून डोक्यावर, डोक्यावरून खुंटीवर. तिला माणूस असला काय, नसला काय." बायको आतून हसली, ते मला ऐकू आले.

पोलीस ॲक्शननंतर रिसाला मोडला आणि आबांच्या हातांना डोकी उरली नाहीत. तेव्हापासून ते मातीचे शिपाई करू लागले. बाजारातल्या शिपायांचा त्यांना राग होता, कारण त्यांचे पागोटे मातीचेच, वर गुलाबी रंग दिलेले. एकदा त्यांनी असा एक शिपाई उचलून विकणाऱ्याला विचारले, हा कोणत्या तुकडीचा. तो म्हणाला, तुम्हाला पाहिजे त्या तुकडीचा. आबांनी शिपाई खाली ठेवला, पण तोंड भिंतीकडे करून.

त्यांचा शिपाई चार बोटे उंच, उघड्या डोक्याचा. वाळला की त्याच्या डोक्याला बोटभर रुंदीची मलमलीची पट्टी खरोखरीच बांधायची, एकेक पेच ओढून, शेवटी खळ लावून. रिसाल्यात चार तुकड्या होत्या. पहिली शिखांची, दुसरी मुसलमानांची, तिसरी मराठ्यांची, चौथी राजपुतांची. प्रत्येकीची बांधणी निराळी. मुसलमान स्वाराच्या साफ्यातून आतल्या कुल्ल्याचे, म्हणजे उंच निमुळत्या टोपीचे, टोक दिसायचे. शिखाला कुल्ला नसायचाच. आणि पाठीवर सोडलेल्या शमल्याच्या टोकाला तुकडीचा रंग: पहिलीला लाल, दुसरीला हिरवा, तिसरीला पिवळा, चौथीला निळा. हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितले की माझ्या पगाराच्या आकड्याइतके पाठ झाले.

त्या वर्षी मला एक गोष्ट कळून चुकली होती. आबांना दिसत नव्हते. त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. वाटेत ते चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखत आणि "काय भाऊ, जल्दीत दिसून राह्यले," असे आपणहून म्हणत. मीही काही बोललो नाही. बांधणी बोटांची, तिला डोळे लागत नव्हते. लागत होते ते फक्त रंगाला.

रंगाऱ्याकडून टोके रंगवलेल्या पट्ट्यांचे चार गठ्ठे मी आणले आणि त्यांच्या खोलीवर नेऊन दिले. आबा सहज बोलल्यासारखे म्हणाले, "एक नंबरपासून रांगेनं ठेवा फळीवर. मंग मी पाहतो." ते रांगेने का ठेवायला सांगत आहेत, हे मला समजले होते. म्हणून मी जास्तच काळजीने ठेवले. लाल, हिरवा, पिवळा, निळा. डावीकडून उजवीकडे, जसे मी कागदावर लिहितो तसे.

परेड उजवीकडून मोजतात. पहिली तुकडी उजव्या हाताला असते. हे मला माहीत नव्हते, आणि माझ्यासारख्याला हे माहीत नसेल, हे आबांच्या मनातही आले नसेल.

अर्धे बांधलेले स्वार कोणाला दाखवायचे नाहीत, हा त्यांचा रिसाल्यातला दंडक. त्यामुळे अडीच महिने मी एकही शिपाई पाहिला नाही. धनतेरसच्या आदल्या दिवशी त्यांनी टोपली आणून किल्ल्यावर शिपाई स्वतः मांडले. एकेकाच्या डोक्यावरून बोट फिरवून त्याची तुकडी ओळखत होते. बांधणीत खोट नव्हती. शिखांच्या शमल्यांना निळी टोके होती. मुसलमानांच्या पिवळी, मराठ्यांच्या हिरवी, राजपुतांच्या लाल. मी दोनदा मोजले. अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस चुकले होते.

सांगावे, तर आबांना दिसत नाही हे मला ठाऊक आहे, हेही सांगावे लागले असते. खळ वाळलेली होती. पट्टी सोडवायची तर कापावी लागली असती. आणि दुसऱ्या दिवशी जमादारसाहेब येणार होते. हे त्या रिसाल्यातले पेन्शनर, मुलाकडे दिवाळीला आले होते. आपले काम ज्याला कळेल असा एवढाच एक माणूस उरला आहे, असे आबा म्हणत. पोळ्यापासून ते या एका दिवसासाठी बांधत होते. बायको मला आत बोलावून म्हणाली, अहो, सांगून टाका. मी बाहेर आलो, आबांना चहा दिला आणि सांगितले नाही.

जमादारसाहेब दुपारी चारला आले. उंच, वाकलेले, हातात काठी. आबा किल्ल्याशेजारी ताठ उभे राहिले. जमादारसाहेब पाहत राहिले. मग त्यांनी एक शीख उचलला, त्याचा शमला बोटावर घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. त्यांनी शीख जागेवर ठेवला.

"बराबर है, आबा. बिलकुल बराबर."

"मंग इतका येळ काय पाहून राह्यलते साहेब?"

"गिनती करत होतो."

साहेबांनी चिवडा खाल्ला, कोण कुठे वारला ते सांगितले आणि निघाले. त्यांच्या काठीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेल्यावर आबा म्हणाले, "तीस वर्षं ह्या माणसानं माझ्या कामात आधी शमल्यावरच बोट ठेवलं. आज शमल्याचं नाव काढलं न्हाई."

मी गठ्ठ्यांचे सांगितले. डावीकडून ठेवले, चूक माझी आहे, तुमची नाही. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"तुमी बराबरच ठेवले असतील," ते म्हणाले. "बांधायच्या आधी रंग पाहायचा असतो. ते माझं काम."

मी सहा रुपये पुढे केले. त्यांनी माझा हात चाचपून मूठ मिटवली आणि भिंतीला धरून पायऱ्या उतरले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी कोणासमोर भिंत धरली. आठवड्याने मुलगी येऊन त्यांना राजूरला घेऊन गेली. संक्रांतीच्या सुमारास ते गेल्याचे कळले.

मी राजूरला गेलो. मुलीचे घर गणपतीच्या देवळामागे, बाहेर शेळ्या बांधलेल्या. तिच्यापुढे सहा रुपये ठेवले. तिने नोटांना हात लावला नाही.

"बाबा सांगून गेलते, भाऊ येतील म्हनून. बांधणीचे घेऊ नको म्हनले. मातीचे घे."

"मातीचे ते कधी घेत नव्हते," मी म्हटले.

"तेच म्हनले मी. तं म्हनले, ह्या बारीला माती तेवढी बरी झाली."

किती, असे मी विचारले. बारा आणे, शिपायामागं एक पैसा, ती म्हणाली. मी सहा रुपये उचलले, बारा आणे मोजले आणि तिच्या हातावर ठेवले.