कन्याकुमारी, मार्गे पहूर

वेळ वाया घालवणारी माणसं जगात पुष्कळ असतात, पण दुसऱ्याचा वेळ इतक्या शिस्तीने, इतक्या प्रेमाने आणि वर नकाशा दाखवून वाया घालवणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायको निवडताना माणूस मुलगी पाहतो, घर पाहतो, फार तर पत्रिका पाहतो. तिच्या थोरल्या बहिणीने कोणाशी लग्न केलंय हे मी नीट पाहायला हवं होतं. आज इतकी वर्षं झाली, तरी जळगावच्या स्टँडवर एखादी जुनी मेटॅडोर खोकत गेली की माझ्या कपाळाची शीर उडते.

साडू जळगावला एका जिनिंग फॅक्टरीत सुपरवायझर होते. कापसाचा हंगाम सोडला तर त्यांना वर्षभर काही काम नसावं असा माझा पक्का समज आहे, कारण एरवी माणसाला असं काही सुचणार नाही. बिस्किटांच्या एका एजन्सीने मोडीत काढलेली मेटॅडोर त्यांनी विकत घेतली आणि तिला ‘चालतं घर’ असं नाव दिलं. आत दोन फळ्या बसवल्या. त्या दिवसा बाकं आणि रात्री पलंग होणार होत्या. टपावर पाण्याचं पिंप, पिंपातून रबरी नळी, नळीला तोटी. स्टोव्ह जमिनीला नटबोल्टने आवळलेला. स्टिअरिंगशेजारी देव, आरसा आणि कंगवा एकाच फळीवर. पडदे माझ्या बायकोच्या साडीचे, आणि ती साडी जुनी नव्हती, हे मी इथे लिहून ठेवतो. गाडीतली बिस्किटं संपली होती, पण मुंग्यांना ते कोणी कळवलं नव्हतं. त्या शेवटपर्यंत आमच्या सोबत राहिल्या.

हे सगळं कशासाठी, तर सासूबाईंना समुद्र दाखवायला. यात मात्र साडूंची चूक नव्हती. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना, काचबिंदू झाला होता. जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की नजर हळूहळू जाणार, गेलेली परत येणार नाही, काय पाहायचं ते आता पाहून घ्या. तेव्हाच दिवस मावळला की त्यांना दारातला माणूस ओळखू येत नसे. मुलींनी देवदर्शनाची गावं सुचवली. त्या म्हणाल्या, “देव घरमा शे. माले एकदाव समिंदर देखना शे.” जन्म सगळा बोरीच्या आणि पांझरेच्या काठी गेला, आणि त्याही नद्या आठ महिने कोरड्या. बाईंनी दुसरं काही कधी मागितलंच नव्हतं.

मी म्हटलं, भाऊ, सोपं आहे. रात्री जळगावला रेल्वेत बसू, सकाळी मुंबईला उतरू, समुद्र दाखवू, दुसऱ्या दिवशी परत. साडूंनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला तेव्हाच त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटला. “राव, रेल्वेनं तर टपालाची पोतीबी जातात. अक्का काय पोतं आहे? अक्काला कन्याकुमारी दाखवू. तिथं तीन-तीन समुद्र आहेत. एकदम होऊन जाईल.” मग त्यांच्या पोरीच्या शाळेचा नकाशा भिंतीवर लागला आणि शिलाईच्या दोऱ्याने अंतर मोजणं सुरू झालं. जळगावला खिळा, कन्याकुमारीला खिळा, मध्ये दोरा ताठ. घाट, फाटकं, रस्त्यातल्या बैलगाड्या यांचा त्या दोऱ्याशी काही संबंध नव्हता. मला साहेबांकडून महत्प्रयासाने आठवड्याची रजा मिळाली होती. “आठवड्यात कन्याकुमारी होत नाही हो!” मी ओरडलो. “तुम्ही बसून मोजता म्हणून होत नाही,” साडू म्हणाले.

त्यांनी आमच्याकडून तालीमही करून घेतली. दर रविवारी त्यांच्या अंगणात मी, बायको, मेहुणी आणि सासूबाई गाडीभोवती उभे राहायचो. ते शिटी वाजवायचे आणि आम्ही आत चढून आपापल्या जागी बसायचं. ‘चहाला दहा मिनिटं, अंघोळीला सात, वेणीफणी चालत्या गाडीत’ असा त्यांचा नियम. सासूबाई दर वेळी पहिल्या यायच्या. मी सरकारी नोकर, लोकांना कचेरीत ताटकळत ठेवणं हे माझं काम, आणि मी शेजाऱ्यांसमोर शिटीवर उड्या मारत होतो.

दिवाळी होऊन थंडी पडल्यावर आम्ही निघालो. दोऱ्याप्रमाणे पहिला मुक्काम सोलापुरापलीकडे होता. प्रत्यक्षात तो पहूरला झाला. पहूर जळगावपासून इतकं जवळ आहे की तिथली माणसं मिरच्या दळायला विसरली तर परत जळगावला येतात. पण तिथे मामा राहतात, सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांच्या दारावरून गाडी नेऊन चहा घेतला नाही तर जन्माचा दावा झाला असता. चहाचं जेवण झालं, कारण शेतात भरताची वांगी आली होती. जेवणानंतर साडू रुबाबात म्हणाले, “आम्ही गाडीतच झोपू. पलंग आहेत.” मामांचा चेहरा पडला. “गाडीमा झोपशात? मंग आमनं घर काय पडी गयं का?” झालं. गाडी अंगणात, आम्ही गाद्यांवर, आणि फळ्यांवर मुंग्या.

दोष त्या दोऱ्याचा होता. तो नकाशावरून गेला होता, नातेवाइकांवरून नाही. आपल्या भागात माणूस असलेल्या गावातून न थांबता जाता येत नाही, एवढी साधी गोष्ट या खानदेशात जन्मलेल्या, वाढलेल्या माणसाच्या हिशेबात नव्हती. सकाळी मामींनी विचारलं, “आमच्याकडे आलात, मग चाळीसगावच्या मावशींकडे नाही जाणार? त्यांना कळलं तर?” त्यांना कळू न देणं शक्य होतं. आम्ही पाच माणसं होतो, शपथ घेतली असती. पण सासूबाई हळूच म्हणाल्या, “बठ्ठासनं मन राखनं पडस,” म्हणजे सगळ्यांचंच मन राखावं लागतं, आणि साडूंनी दक्षिणेकडे तोंड केलेली गाडी पश्चिमेकडे वळवली. वर मला म्हणाले, “थोडा वळसा आहे. पुढं भरून काढू.” पहूरहून निघताना पलंगावर वांग्यांचं पोतं आणि केळीचा एक घड चढला होता.

चाळीसगावच्या मावशींनी खापरावरचे मांडे करायचं ठरवलं. मांडे म्हणजे काही भजी नव्हेत, घाणा काढला आणि झालं. गहू भिजवा, वाळवा, दळा, वस्त्रगाळ करा, मग हातावर पोळी उशीएवढी करणारी एक बाई शोधा. ती बाई तेव्हा लेकीकडे गेली होती. ती येईपर्यंत थांबलो. मांडे झाले तर आहेर राहिला. साड्या आणि टॉवेल-टोपी घेतल्याशिवाय पाहुणे कसे जाणार, आणि त्या दिवशी कापडबाजार बंद! मी ओसरीवर येरझारा घालत होतो आणि साडू मांड्यांवर तूप ओतून घेत होते. मी दातओठ खात म्हटलं, “भाऊ, माझी रजा!” ते म्हणाले, “राव, घास तोंडात असताना रजा काढू नये.” पुढे धुळ्याला त्यांचे चुलतभाऊ होते, हे तुम्ही ओळखलं असेलच.

धुळ्यात रजेचा शेवटचा दिवस उजाडला. घरून निघून आठवडा होत आला होता आणि आम्ही घरापासून एका सकाळच्या अंतरावर होतो. साठलेला राग मी सुपारीच्या खांडासारखा चुलतभावांच्या अंगणात थुंकलो. काय बोललो ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की बायकोने मला पहिल्यांदा नावाने हाक मारून गप्प केलं. साडूंनी सगळं ऐकून घेतलं, खिशातून दोरा काढला आणि गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. “हे धुळे. ही सुरत. चार बोटं. समुद्र इथंबी आहेच की!”

“मग पहिल्या दिवशीच तिकडे का नाही गेलो?”

साडूंना खरोखर आश्चर्य वाटलं. “तिकडं आपलं कोणीच नाही ना.”

आणि कोणीच नव्हतं म्हणून ती मेटॅडोर साक्री, नवापूर मागे टाकत बाणासारखी गेली. चहा दहा मिनिटांत झाला. आयुष्यात पहिल्यांदा साडू दोऱ्याबरहुकूम पोहोचले. दुपारचं लख्ख ऊन होतं, सासूबाईंना सगळं दिसत होतं, आणि समोर समुद्र नव्हता. नजर पोचेल तिथपर्यंत काळा चिखल, आणि त्यात एक कुत्रं. शेंगा विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “पाणी तो सांजे आवशे.” समुद्र उठून कुठे जातो, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे पाणी जातं ते पावसाळ्याबरोबर जातं. सासूबाई म्हणाल्या, “येई ना? मंग बसू.” सकाळी मला साहेबांसमोर उभं राहायचं होतं. मी म्हटलं, साहेब गेला खड्ड्यात, आणि केळी सोलत बसलो. साडू एकटे चिखलाच्या कडेला उभे राहून सूर्याकडे आणि चिखलाकडे आळीपाळीने बघत होते.

पाणी आलं तेव्हा सूर्य बुडाला होता. आम्हा सगळ्यांना दिसत होतं, लाल, काळं, पसरत येणारं. सासूबाई डोळे ताणून भलतीकडेच पाहत होत्या. साडूंनी त्यांचा हात धरून त्यांना पाण्यात पायाच्या घोट्यापर्यंत नेलं.

“भाऊ, केवढा शे?”

एरवी या माणसाने आकडा फेकला असता. त्यांनी आलेला रस्ता बोटांवर मोजला. मग म्हणाले, “अक्का, पहूरहून निघायचं, चाळीसगावावरून धुळ्याला यायचं, धुळ्याहून इथवर. एवढं समदं पाणी. आणि मध्ये कोणाचंच घर नाही.”

सासूबाईंनी पायाने पाणी चाचपलं. “मंग मानसे मुक्काम कोठे करतस?” त्यांनी विचारलं.

मला तेव्हा इतका राग आला होता की मी गाडीत जाऊन बसलो. एक मांडा कमी खाल्ला असता, एक टोपी नाकारली असती, तर बाईंनी डोळ्यांनी पाहिला असता समुद्र. रात्रभर साडू एकटेच गाडी चालवत होते आणि आमच्यापैकी कोणी त्यांच्याशी बोललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंची नजर पार गेली. नंतर त्या बरीच वर्षं होत्या. घरात पाहुणे आले की कोणीतरी हटकून विचारायचं, अक्का, तुम्ही म्हणे समुद्र पाहून आलात? सासूबाई ताठ बसायच्या.

“देखा ना. मोठा शे. मधमा कोनंच घर नही.”

ते ऐकलं की मला साडूंचा नव्याने राग यायचा, आणि भांडायला म्हणून त्यांच्याकडे पाहावं, तर ते उठून बाहेर गेलेले असायचे.